बाबांचा नंबर, बार्शीटाकळी

(बार्शीटाकळी. एप्रिल, दुपारचे तीन. पुढची खोली : शिलाई मशीन, एक बाज, उघडं दार.)

प्रणाली : चहा नको. आधी तो फोन दाखवा.

अनीसा : फोन कायले दाखवू? तुमी आता आल्या, टेकल्या बी नाई, अन् फोन मांगून राहिल्या.

बिस्मिल्लाबी : अनीसा, देऊ नको. टीव्हीवर रोज सांगते. गोड बोलून येतात, नंबर विचारतात, अन् मंग सारं साफ.

प्रणाली : अम्मा, मी गोड बोलले का?

बिस्मिल्लाबी : नाई. म्हनूनच जास्त डर वाटून राहिला.

प्रणाली : ठीक आहे. मी प्रणाली. अमरावतीला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. माहेर चांदूर बाजारजवळचं. तुमच्या फोनमध्ये जो नंबर आहे, तो माझ्या वडिलांचा आहे.

अनीसा : माहा हाय तो. अकोल्याच्या दुकानात अंगठा देऊन घेतला, जानेवारीत. कागद हाय माह्यापाशी.

प्रणाली : तुम्ही जानेवारीत घेतला. त्यांनी अकरा वर्षं वापरला.

अनीसा : मंग आता कावून नाई वापरत?

प्रणाली : वारले. जूनमध्ये.

अनीसा : ...अल्ला रहम करो.

बिस्मिल्लाबी : कोन, रामराव?

प्रणाली : तुम्हाला नाव कसं माहीत?

बिस्मिल्लाबी : सकाळ-संध्याकाळ तेच तं ऐकतो, बेटी. 'रामरावभाऊ हाय का, रामरावभाऊले द्या.' माह्या मालकाचं नाव बी ह्या घरात इतक्या बार कोनी घेतलं नसन.

अनीसा : पह्यले मी राँग नंबर म्हनत होती. मंग समजलं का रामराव गेले; तुमी त्याहिच्याच का, ते पाहाले आता विचारलं मी. पन फोन काई बंद झाले नाई.

प्रणाली : मी कंपनीला फोन केला होता. चाळीस मिनिटं एक आवाज सांगत राहिला की तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे. मग माणूस आला. तो म्हणाला, तक्रार नंबरच्या मालकानंच करायची. मी म्हटलं, मालक वारले. तर म्हणे, मग त्यांना त्यांच्या नंबरवरून कॉल करायला सांगा.

बिस्मिल्लाबी : अन् तू काय म्हनली?

प्रणाली : धन्यवाद म्हणाले. सवयीनं.

अनीसा : ताई, नंबर वापस मांगाले आल्या असान तं आताच सांगतो. भेटनार नाई. बाहेर बोर्डावर हाच हाय. अलीझाच्या शाळेत हाच. ब्यांकेत हाच. चार महिन्यांत माहं सारं ह्याच्यावर चढलं.

प्रणाली : मी नंबरासाठी नाही आले. आमच्या गावात मैनाबाई म्हणून आहे. एकटी चार एकर करते. तिनं सरकारी खरेदीत तूर द्यायला नोंदणी केली. ऑनलाइन. मोबाइलवर मेसेज येतो, अमुक तारखेला केंद्रावर तूर आणा, आणि मगच जायचं. दोन महिने ती त्या मेसेजची वाट पाहत होती. आईनं सांगितलं म्हणून गेल्या मंगळवारी मीच तिला केंद्रावर घेऊन गेले. ते म्हणाले, बाई, तुमची तूर मोजून झाली. चौदा मार्चला. सोळा क्विंटल.

अनीसा : मंग झालं ना काम.

प्रणाली : तूर तिच्या घरात आहे. पोत्यांवर बसून मी चहा पिऊन आले.

अनीसा : ...मंग मोजली ते कोनाची?

प्रणाली : हेच विचारायला अमरावतीहून तीन गाड्या बदलून आले. तिची तारीख ज्याला कळली, त्यानं तिच्या नावावर दुसऱ्याची तूर घातली. तिचा मेसेज कोणत्या नंबरवर गेला, ते मी केंद्रावरच्या पडद्यावर पाहिलं. ह्याच नंबरवर.

अनीसा : ताई, मी फॉल-पिको करतो. सोळा क्विंटल तूर मी कायच्यात भरून पाठवली? ब्लाऊजच्या थैलीत?

प्रणाली : तूर पाठवावी लागत नाही. तारीख सांगितली तरी पुरते. सरकारी भाव बाजारापेक्षा जास्त, म्हणून मेसेज विकताही येतो.

बिस्मिल्लाबी : हे आपल्याले चोर म्हनून राहिली, अनीसा. अन् तू हिच्यासाठी चहा ठेवला.

अनीसा : थांबा अम्मी. ताई, एक सांगा. आमचं घर कसं सापडलं तुमाले?

प्रणाली : फोनमध्ये एक ॲप असतं. नंबर टाकला की लोकांनी तो ज्या नावानं ठेवला असेल, ते नाव दाखवतं. पूर्वी 'रामराव पोस्ट' यायचं. आता 'अनीसा फॉल पिको बार्शीटाकळी' येतं. स्टँडवर उतरून विचारलं, रिक्षावाल्यानं दारात आणून सोडलं.

बिस्मिल्लाबी : म्हंजे कोनी बी माह्या सुनेचं नाव, गाव, घर काढू शकते?

प्रणाली : हो.

बिस्मिल्लाबी : तिले न विचारता?

प्रणाली : हो.

बिस्मिल्लाबी : अन् चोर आमी.

प्रणाली : ...तुमचं बरोबर आहे, अम्मा. पण मला मेसेज पाहायचेत.

अनीसा : मेसेज हाय. एक बी पुसला नाई. पन दाखवाच्या आधी तुमी रामरावच्याच कोन, ते पक्कं पाह्यजे. आधार हाय?

प्रणाली : हे घ्या.

अनीसा : हा फोटो तुमचा वाटत नाई.

प्रणाली : आधारवरचा फोटो कोणाचाच वाटत नाही.

अनीसा : नावं विचारतो मंग. गावचे असान तं सांगान. शालू कोन?

प्रणाली : शालू... शाळेमागे राहायची ती? की ती शांता?

अनीसा : पार्बताबाई?

प्रणाली : नाही आठवत.

अनीसा : गंगूबाई?

प्रणाली : मला गाव सोडून वीस वर्षं झाली. दिवाळीला दोन दिवस जात होते, तेही घरातल्या घरात.

अनीसा : बापाच्या गावातलं एक नाव तुमाले सांगता नाई येत, अन् मी तुमाले फोन देऊ?

बिस्मिल्लाबी : दे तिले.

अनीसा : अम्मी, आता तं तुमी देऊ नको म्हनत होत्या.

बिस्मिल्लाबी : ठगनारी असती तं पाठ करून आली असती. हे तं नापास झाली. दे.

अनीसा : घ्या. पन इथंच, माह्यासमोर पाहा. मशीनवरची सुई सांभाळा.

प्रणाली : ...शालू, गॅसचा नंबर लागला. पार्बताबाई, रेशनकार्ड जोडणी, सहा आकड्यांचा कोड. तुषार, शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर. पीकविमा. निराधार योजना. पुन्हा कोड. मातीची तपासणी. किती माणसं आहेत ही?

अनीसा : एकतीस. कापडावरच्या खडूनं फळ्यावर लिवून ठेवलेत सारे, तो पाहा दाराच्या मांगं.

प्रणाली : एकतीस माणसांच्या अर्जावर एकच मोबाइल नंबर? असं फक्त लबाड लोक करतात. बातम्यांत वाचते ना मी, एका नंबरावर पन्नास खाती, शंभर खाती.

अनीसा : हे लबाडी तुमच्या वडलांनी केली ताई.

प्रणाली : काय म्हणालात?

अनीसा : मले फोन करनाऱ्यांनीच सांगतलं. अर्जावर मोबाइलची जागा खाली ठेवली का अर्ज वापस येते. ह्या लोकांपाशी फोन नाई, असला तं त्यात टावर नाई, नाई तं पोराच्या संगं पुन्याले गेला. मंग रामरावभाऊ म्हनत, माहा टाका. तुमचे काय होते ते, पोस्टमन?

प्रणाली : ग्रामीण डाकसेवक. अडतीस वर्षं.

अनीसा : म्हनूनच. एका बुढ्या बाबानं मले सांगतलं, रामराव म्हने, पत्र तरी कोन्या दिवशी तुमच्या घरी येत होतं? माह्याच हातात येत होतं, मी तुमच्या दारी आनून देत होतो. आता मेसेज येईन, आनून देईन. फरक काय?

प्रणाली : ...फरक काय. हो. असंच म्हणाले असतील.

अनीसा : तुमाले मालूम नोहतं?

प्रणाली : आई म्हणायची, निवृत्त झाले तरी गावभर फिरत असतात. मला वाटायचं, गप्पा मारायला जात असतील. मी एकदा चिडलेही त्यांच्यावर. उन्हाचं कशाला फिरता म्हणून.

बिस्मिल्लाबी : चहा पी बेटी. आता पी.

प्रणाली : पण बाबा गेल्यावर कोणी अर्जातला नंबर बदलला का नाही?

अनीसा : बदलवाले जा तं जुन्या नंबरवर कोड येते, तो सांगा म्हनतात. जुना नंबर माह्यापाशी. तुरीच्या नोंदनीत तं कॉम्प्युटरवाल्यानं मांगच्या सालचंच सारं उचलून टाकलं. एक गोष्ट विचारू, ताई? राग नका मानू.

प्रणाली : विचारा.

अनीसा : तुमी रिचार्ज कावून नाई केला? तीन महिने नंबर बंद राहिला का कंपनी तोडून टाकते, अन् मंग दुसऱ्याले देते. दुकानवाल्यानं मले सांगतलं ते. तुमी तं शिकलेल्या.

प्रणाली : माहीत नव्हतं. माणूस गेल्यावर त्याचा नंबर किती दिवसांनी दुसऱ्याला द्यायचा, ह्याचा नियम असतो, हे त्या चाळीस मिनिटांनंतर मी शोधून वाचलं. बारीक अक्षरांत होतं. पण खरं कारण ते नाही. फोन वाजत होता. तेरवीपर्यंत वाजत होता. उचलला की कोणीतरी म्हणायचं, रामरावभाऊले द्या. पाच-सहा जणांना सांगितलं. सातव्याला नाही सांगता आलं. मी फोन बंद केला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. एकतीस माणसं त्यात होती, हे मला कोण सांगणार होतं?

बिस्मिल्लाबी : तू बंद केला, अन् तो इथं वाजला.

प्रणाली : मैनाबाईचा मेसेज कुठं आहे?

अनीसा : खाली सरकवा. अजून. हा. नऊ मार्च.

प्रणाली : 'आपली तूर दिनांक चौदा रोजी खरेदी केंद्रावर आणावी.' आला होता तर. मग तिला कळवलं का नाही तुम्ही?

अनीसा : कळवला ना! त्याच घडीले कळवला. हे पाहा, पुढे पाठवल्याची निशानी हाय. मी एक बी मेसेज घरात ठेवला नाई ताई, कोड असो का तारीख असो. मशीन थांबवून पाठवतो मी.

प्रणाली : पण मैनाबाईकडे फोनच नाही. कोणाला पाठवला?

अनीसा : भाऊले.

प्रणाली : कोणाच्या भावाला?

अनीसा : तुमच्या.

प्रणाली : नंबर दाखवा.

अनीसा : हा घ्या. शेवटी दोन शून्य, एकोनपन्नास.

प्रणाली : ...गजेंद्र.

अनीसा : हा, गजेंद्रभाऊ. फेब्रुवारीत फोन आला त्याहिचा. म्हने, मी रामरावचा पोरगा, हे सारे आमच्या गावचे लोकं, तुमी कोनाकोनाले सांगत बसान, मलेच पाठवत जा, मी घरोघरी देतो. मले तं हायसं वाटलं. मी त्याहिची बी परीक्षा घेतली, तसंच मानलं असं नका समजू. एकतीसच्या एकतीस नावं सांगतले त्यानं. कोनाचं घर कुठं, कोनाची सून कुठली, सारं. अन् वडलांचं सांगता सांगता रडला. खरंखुरं रडला ताई.

बिस्मिल्लाबी : तो रोया. तू अजून रोयी नाई. म्हनून तुह्यावर भरोसा बसत नोहता आमचा.

प्रणाली : मला गेल्या आठवड्यात त्यानं सांगितलं, बाबांचा नंबर कुठं गेला काही कल्पना नाही. सोडून दे, म्हणाला. बार्शीटाकळीचं नाव निघालं तेव्हा म्हणाला, तिकडं एकटी जाऊ नकोस, असल्या लोकांचा भरवसा नसतो.

अनीसा : असल्या म्हंजे कसल्या?

बिस्मिल्लाबी : समजलं, अनीसा. विचारू नको.

प्रणाली : आणि मी ते ऐकून निघाले. वाटेत मूर्तिजापूरपर्यंत मनात वाक्यं जुळवत होते, पोलिसांना काय काय सांगायचं त्याची. तुमच्याबद्दल. माफ करा.

अनीसा : माफीचं नंतर पाहू. मले हे सांगा, मी मेसेज पाठवला, त्याच्यानं त्या बाईची तारीख गेली? म्हंजे चोरी माह्या हातानं झाली?

प्रणाली : अजून माहीत नाही. कदाचित तो विसरला असेल. कदाचित त्यानं केंद्रावर कोणाला तरी सांगितलं आणि तिथं गडबड झाली.

अनीसा : तुमचं तोंड तसं सांगत नाई.

प्रणाली : आज काही मेसेज आला?

अनीसा : सकाळीच. गंगूबाई. गुरुवारची तारीख हाय. घाईचे ब्लाऊज होते, पाठवाचा राहिला.

प्रणाली : पाठवू नका. फोन करा त्याला. माझं नाव घेऊ नका. स्पीकरवर ठेवा.

अनीसा : मी भाऊ म्हनतो त्याले, ताई.

प्रणाली : मीही म्हणते.

बिस्मिल्लाबी : लाव अनीसा. मशीन चालू ठेव. मशीनचा आवाज असला का त्याले रोजच्यासारखं वाटन.

अनीसा : ...हॅलो, भाऊ? अनीसा बोलतो.

गजेंद्र : हा, बोला अनीसाबाई. आला का काई?

अनीसा : आला जी. तुरीचा हाय.

गजेंद्र : कोनाचा?

अनीसा : गंगूबाई.

गजेंद्र : तारीख?

अनीसा : गुरुवार.

गजेंद्र : वा. पाठवा मले लगेच. अन् हे पाहा, पाठवला का तुमच्याकडून पुसून टाका.

अनीसा : कावून जी? मी तं सारे ठेवत असतो.

गजेंद्र : ठेवू नका बाई. नवीन नियम आला हाय. दुसऱ्याचा मेसेज आपल्या फोनात सापडला का गुन्हा लागते. तुमी गरीब मानसं, कायले लफड्यात पडता. मांगचे बी पुसा. आजच पुसा.

अनीसा : मांगच्या मैनाबाईचं झालं का मंग?

गजेंद्र : झालं ना. कधीचंच झालं. मोजली तिची तूर, लय खूश हाय बाई. तुमाले दुवा देऊन राहिली.

प्रणाली : गजेंद्र. गजू, मी बोलून राहिली.

गजेंद्र : ताई? तू कुठी हायस?

प्रणाली : जिथं एकटी जाऊ नको म्हणालास तिथं.

गजेंद्र : ताई, तू जे समजून राहिली ना, ते तसं नाई. आधी ऐकून घे.

प्रणाली : ऐकते.

गजेंद्र : केंद्रावर बारदाना नाई, तूर भराले पोतेच नाई. सहा-सहा दिवस गाड्या उभ्या राहतात उन्हात. मैनाबाई एकटी बाई, काय उभी राहनार होती तिथं? व्यापाऱ्याची तूर लागली तिच्या नावावर. तो तिची तूर घरून उचलनार होता, तसं बोलनं झालं होतं.

प्रणाली : तिच्याशी बोलणं झालं होतं?

गजेंद्र : माह्याशी झालं होतं.

प्रणाली : आणि उचलली?

गजेंद्र : उचलन ना. भाव जरा वर गेला का उचलन.

प्रणाली : सरकारचे पैसे तिच्या खात्यात आले असतील. तिचं पासबुक कोणाकडे आहे?

गजेंद्र : ...माह्यापाशीच असते. बाबापाशी असायचं, मंग माह्यापाशी आलं. तिनंच आनून दिलं, ताई. मी मांगतलं नाई.

प्रणाली : किती जणांच्या नावावर लागली अशी?

गजेंद्र : तीन. चार. साऱ्यांच्या नाई. गॅसचं, रेशनचं, सारं घरोघरी जाऊन देतो मी. विचार कोनाले बी.

प्रणाली : ते विचारीन. आता मला सांग, गंगूबाई कोण?

गजेंद्र : तुले नाई मालूम?

प्रणाली : मला इथं कोणीतरी विचारलं, मला सांगता आलं नाही.

गजेंद्र : पुलापलीकडची. बाबाले राखी बांधायची ते.

प्रणाली : तू आज संध्याकाळी तिच्या घरी जा. गुरुवारची तारीख आहे म्हणून सांग. मी बुधवारी येते. गुरुवारी केंद्रावर तिच्यासोबत मी उभी राहीन, सहा दिवस तर सहा दिवस. आणि तू तिथं लिहून द्यायचं, मैनाबाईच्या आणि त्या बाकीच्यांच्या नावावर कोणाची तूर गेली ते.

गजेंद्र : ताई, लिवून देल्लं तं मले आत टाकतीन.

प्रणाली : टाकतीलही.

गजेंद्र : तू असं कसं बोलून राहिली? आईले काय सांगू मी?

प्रणाली : जे मला सांगितलंस तेच. माझ्यापेक्षा तिला लवकर समजेल.

गजेंद्र : ताई, तुह्या पाया पडतो. व्यापाऱ्याले मी वापस कराले लावतो. पन लिवून द्याचं नोको सांगू.

प्रणाली : अनीसाबाईंनी एक मेसेज पुसलेला नाही आणि पुसणार नाहीत. यापुढं मेसेज माझ्याकडे येतील. कोण कुठं राहतं ते मला तू शिकवशील, घर दाखवून. एवढंच. ठेवते आता.

गजेंद्र : थांब. ताई, थांब ना. अजून काई तं बोल.

प्रणाली : एक विचारायचं होतं. आत्ता रिंग आली तेव्हा तुझ्या फोनवर काय नाव आलं?

गजेंद्र : बाबा. दरवेळी तेच येते. दोन रिंग मी नुसता पाहत राहतो, मंग उचलतो.